पाठ फिरवण्याची मुभा

लालबागच्या बाजारात मासळीच्या टोपलीवर भावाची पाटी नसते. कोळीण गिऱ्हाइकाकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघते आणि आकडा सांगते. माझी आई तो ऐकून घेते, हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, पाठ फिरवते आणि पुढच्या टोपलीकडे निघते. चार पावलं जायच्या आत मागून हाक येते, "अगं ये गं ताई, तू बोल ना किती देतेस." लहानपणी मला या प्रकाराची लाज वाटायची. आता वाटतं, बाजार म्हणजे काय हे मला तेव्हाच, आईच्या पिशवीचा बंद धरून उभं असताना कळलं होतं. बाजार चालतो तो पाठ फिरवता येते म्हणून.

गेल्या वर्षी याच आईचा उजवा गुडघा बदलायचं ठरलं. वय अडुसष्ट. चाळीचा जिना ती तोंड भिंतीकडे करून, कठडा दोन्ही हातांनी धरून, उलटी उतरायला लागली होती. सरकारी रुग्णालयात नंबर लावता आला असता, पण मी आणि धाकटा भाऊ दोघंही नोकरी करणारे, दिवसभर तिच्यापाशी थांबायला माणूस नाही. मग खाजगीत करायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, दोन-तीन महिन्यांत करा. आजारपणात कधी मिळत नाही ती गोष्ट आम्हाला मिळाली होती, वेळ. मी शंभर पानी वही घेतली आणि ठरवलं की चार ठिकाणी जाऊन भाव विचारायचा. आई ज्या बेडरपणे पापलेटचा विचारते, तसाच.

पहिल्या काउंटरवर मी तोंड उघडायच्या आत प्रश्न आला.

"मेडिक्लेम की सेल्फ?"

"आधी खर्च किती येईल ते सांगाल का?"

"ते रूमवर आहे, मॅडम."

मला वाटलं, बरोबर आहे, खोलीचं भाडं कमीजास्त असणारच. पण रूमवर म्हणजे सगळंच रूमवर. सर्जनची फी, भुलीच्या डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा दर, राउंडला येणाऱ्या डॉक्टरांचे पैसे, सगळं जनरल वॉर्डला एक, ट्विन शेअरिंगला दुसरं आणि सिंगल रूमला तिसरं. सर्जन तोच, टेबल तेच, हाड कापायची करवतही तीच. ऑपरेशननंतर आईला कुठल्या खाटेवर नेऊन ठेवणार यावरून त्या करवतीचा दर ठरत होता. तिथे मिळालेला आकडा होता ३ लाख ४० हजार ते सव्वाचार लाख. मधल्या ८५ हजारांत काय काय येतं, असं विचारलं तर "ते पेशंटवर आहे" असं उत्तर मिळालं.

दुसऱ्या ठिकाणी दोन आकडे मिळाले, सेल्फ, म्हणजे पैसे स्वतः भरणार असू तर २ लाख ६०, मेडिक्लेम असेल तर ३ लाख १०. (उलटंही होतं. विमा कंपनीने करार करून दर पाडून घेतला असेल तर रोख देणाऱ्याला जास्त पडतात.) तिसऱ्या ठिकाणी लेखी द्यायला साफ नकार मिळाला. तिथली मुलगी वाईट नव्हती. तिने आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हळूच म्हणाली, "मेडिक्लेम आहे ना तुमचं? मग कशाला एवढं बघता?"

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, कारण आपल्या आरोग्यव्यवस्थेचं दुखणं इतक्या थोड्या शब्दांत मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. पैसे तुमचे नाहीत, मग कशाला बघता? पैसे तर माझेच आहेत. दरवर्षी प्रीमियम म्हणून मीच ते भरते, आणि सगळ्यांची बिलं वाढली की पुढच्या वर्षीचा प्रीमियमही माझाच वाढतो. पण काउंटरसमोर उभी असताना ते माझ्या पर्समधून जाताना दिसत नाहीत, म्हणून मला पाठ फिरवायचं कारण उरत नाही. मागून हाक मारायचं कारण त्यांनाही उरत नाही.

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी २००१ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यव्यवस्थेवर एक मोठा निबंध लिहिला, त्याचा गाभा हाच होता. पैसे रुग्ण देत नाही, डॉक्टरही देत नाही, तिसराच कुणीतरी देतो, म्हणून खर्चाला कुणाचाच लगाम राहत नाही. आणि हा तिसरा आला कुठून, तर युद्धातून. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, तिथल्या सरकारने पगार गोठवले. कामगार तर हवे होते. मग मालकांनी पगाराऐवजी आरोग्यविमा द्यायला सुरुवात केली, त्यावर करसवलत मिळाली, १९५४ मध्ये ती कायद्यात पक्की झाली, आणि अमेरिकी माणसाचा विमा त्याच्या नोकरीला टांगला गेला तो आजपर्यंत. नोकरी गेली की विमा गेला.

हे वाचलं तेव्हा मला अमेरिका दिसली नाही, बाबांचं ई.एस.आय.चं, म्हणजे कामगार विमा योजनेचं कार्ड दिसलं. बाबा गिरणीत होते. १९४८ च्या कायद्याने आलेली ती योजना, पगारातून थोडे पैसे कापले जायचे, थोडे मालक भरायचा, आणि घरातल्या सगळ्यांना दवाखाना. आई ते कार्ड रेशनकार्डाच्या आत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं घरी बसली. पगार नाही म्हणून कापणी नाही, आणि कापणी नाही म्हणून पुढे दवाखाना नाही. घरात खायची चणचण, काळजीने माणसं खचलेली, म्हणजे दवाखान्याची गरज नेमकी जेव्हा वाढली तेव्हाच कार्डाचा नुसता कागद झाला. आज भाऊ आयटी कंपनीत आहे. कंपनीचा ग्रुप विमा आहे, त्यात पोरंबाळं आहेत, सगळं झकपक आहे. पण त्याला मधुमेह आहे, आणि दुसरी नोकरी आली की तो पगाराच्या आधी तिथल्या विम्याचे नियम विचारतो. नोकरीकडेसुद्धा त्याला मोकळेपणाने पाठ फिरवता येत नाही. अठ्ठावन्नाव्या नाहीतर साठाव्या वर्षी निरोपाचा नारळ मिळेल, त्या दिवशी तो विमाही जाईल. म्हातारपण मात्र त्याच दिवसापासून मोजायचं.

म्हणून मला वाटतं, विमा माणसाच्या नावावर हवा, खुर्चीच्या नाही. मालकाला जे भरायचं ते त्याने माणसाच्या खात्यात भरावं, आणि माणसाने स्वतःची पॉलिसी स्वतः निवडावी.

पण निवडायची म्हणजे कशी? आपल्याकडे १९८६ मध्ये मेडिक्लेम आलं तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. चार सरकारी कंपन्या, चौघींची पॉलिसी एक, दर एक. १९९९ चा कायदा आला, २००० पासून खाजगी कंपन्या आल्या. २०११ पासून पोर्टेबिलिटीही आली, म्हणजे आधीपासूनच्या आजारांचा खर्च मिळायला लागेपर्यंत जी वर्षं थांबावं लागतं, त्यातली जुन्या कंपनीत काढलेली वर्षं हातची न घालवता दुसरीकडे जाता येतं. कागदावर ही पाठ फिरवण्याचीच मुभा आहे. पण मी आईची पॉलिसी दुसरीकडे न्यायचा प्रयत्न केला तेव्हा वय आणि रक्तदाब बघून नवीन कंपनीने नकार कळवला. तसा नकार द्यायचा त्यांना अधिकार आहे. म्हणजे कोळणीकडे पाठ फिरवता येते, पण पुढची कोळीण टोपलीच झाकून घेते. २०२४ मध्ये विमा नियामकाने आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा चार वर्षांवरून तीनवर आणली, पाच वर्षं हप्ते भरल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवली एवढ्या कारणावरून क्लेम नाकारता येणार नाही असं केलं, साठीपुढच्यांचा प्रीमियम परवानगीशिवाय वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येणार नाही हे जानेवारी २०२५ मध्ये आलं, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी गेला. चांगलं झालं सगळं. पण माझ्या आईला दारात उभं करणारी दुसरी कंपनी त्यामुळे मिळाली नाही.

आणि पॉलिसीतली ती खोलीभाड्याची अट. भावाचं अपेंडिक्स झालं तेव्हा तो आधीच्या कंपनीत होता, विमा स्वतःचा होता, ३ लाखांचा. खोलीभाड्याला रोज १ टक्का, म्हणजे ३ हजारांची मर्यादा. रात्री अॅडमिट करताना ३ हजारांची खोली रिकामी नव्हती, ६ हजारांची होती. घेतली. आम्हाला वाटलं, वरचे ३ हजार रोजचे आपण भरू, चार दिवसांचे १२ हजार. डिस्चार्जच्या दिवशी कळलं की खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून सर्जनची फी, थिएटर, नर्सिंग, सगळ्यातलं कंपनी निम्मंच देणार. कारण रुग्णालयाने ते सगळे दर खोलीवरूनच लावले होते. कंपनीचं म्हणणं तिच्या परीने बरोबर होतं, आणि मूळ खोड रुग्णालयाच्या दरपत्रकातच होती. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवायच्या वस्तू या कपातीतून आता बाहेर काढल्या आहेत, पण कपात आहेच. संध्याकाळी सात वाजता, सलाइन काढलेल्या हाताला कापूस दाबून भाऊ व्हीलचेअरवर बसलेला, आणि मी काउंटरवर कार्ड घासतेय. त्या क्षणी कुणाकडे पाठ फिरवणार?

आता मी दुसरी बाजू सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय बाजाराबद्दल बोलणं मला अप्रामाणिक वाटतं.

१९९४ च्या पावसाळ्यात रात्री अडीच वाजता बाबांच्या छातीत कळ आली. शेजारच्या काकांनी टॅक्सी आणली, परळपर्यंत काही मिनिटांचा रस्ता, महापालिकेचं केईएम रुग्णालय. तिथे कुणी मेडिक्लेम विचारलं नाही, डिपॉझिट विचारलं नाही. केसपेपर नंतर झाला. बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. त्या टॅक्सीत मी वही घेऊन चार ठिकाणी भाव विचारत फिरले असते का? छातीत कळ आलेल्या माणसाला गिऱ्हाईक म्हणणं हीच चूक आहे. अर्थतज्ज्ञ केनेथ अॅरो यांनी १९६३ मध्ये हेच नीट मांडलं होतं: आजार कधी येईल ते कळत नाही, आणि आला की डॉक्टरला जे ठाऊक असतं ते रुग्णाला नसतं, म्हणून इथे नेहमीचा बाजार उभाच राहत नाही. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांतल्या कोविडच्या खाटांचे दर बांधून दिले, वॉर्डाला दिवसाला ४ हजार, आयसीयूला साडेसात, व्हेंटिलेटरसह ९ हजार. बाजाराच्या बाजूची असूनही मला ते तेव्हा पटलं आणि आजही पटतं. जिथे पाठ फिरवता येत नाही तिथे आपल्या वतीने दुसऱ्या कुणीतरी भाव ठरवायला हवा.

पण सगळं आजारपण रात्री अडीचचं नसतं. गुडघा, मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे, बाळंतपण, तपासण्या, महिन्याच्या गोळ्या, यांना आधी वेळ असतो. तिथेसुद्धा आपण रात्री अडीचच्या माणसासारखे हात जोडून उभे राहतो, हे मला सहन होत नाही.

आपल्याकडची रुग्णालयं नफ्यासाठी चालतात म्हणजे आपल्याकडे खुला बाजार आहे, असं चिडून म्हणणारे भेटतात. मला ते मान्य नाही. स्टेंटची, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवतात त्या जाळीची गोष्ट घ्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटची किंमत बांधली, औषध लावलेल्याची २९,६०० रुपये, साध्याची ७,२६०. त्याआधी लाखाच्या वर पैसे मोजलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. स्टेंट बनवणाऱ्या कंपन्या कितीतरी होत्या, स्पर्धा होती, तरी किंमत खाली येत नव्हती, कारण निवडणारं रुग्णालय होतं आणि छापील किंमत जितकी मोठी तितकी मधली कमाई मोठी. गिऱ्हाईक टेबलावर भुलीत झोपलेलं. अशा स्पर्धेत भाव वर चढतो. किंमत बांधणं हा त्यावरचा लेप होता आणि त्या वेळी तो हवाच होता. पण आईच्या एस्टिमेटमध्ये मला दिसलं की गुडघ्याच्या सांध्याची किंमत, तीही ऑगस्ट २०१७ पासून बांधलेली, नियमात चोख बसवलेली होती, आणि बाकीच्या ओळी भरभक्कम होत्या. एका ठिकाणी दाबलं की फुगा दुसरीकडून वर येतो.

याच्या उलट, गिऱ्हाईक जागं असलं की काय होतं तेही परळलाच दिसतं. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने, म्हणजे कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्याने, देशातल्या २३ रुग्णालयांची ४० औषधांची गरज एकत्र केली आणि कंपन्यांना एकत्रित भाव विचारला. वाचले सुमारे १,३२० कोटी रुपये. कंपन्यांवर कुणी सक्ती केली नव्हती. फक्त समोर असं गिऱ्हाईक आलं होतं ज्याला किंमत कळत होती, औषध कळत होतं आणि ज्याने पाठ फिरवली असती तर मोठा धंदा गेला असता. मुंबईच्याच सिप्लाने २००१ मध्ये एचआयव्हीच्या तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं होतं, जगात त्याला दहा हजारांच्या वर पडत असताना. तेव्हा आपल्या कायद्यात औषधावर पेटंटची मक्तेदारी नव्हती, म्हणून दुसरा दुकानदार उभा राहू शकला. मला खुल्या बाजाराबद्दल जे प्रेम आहे ते या दुसऱ्या दुकानदाराबद्दलचं आहे.

सिंगापूरचं नाव अशा वेळी घेतलंच जातं. १९८४ पासून तिथे प्रत्येक कमावत्या माणसाच्या पगारातला ठरावीक भाग त्याच्याच नावाच्या मेडिसेव्ह खात्यात जातो. उरलेले पैसे त्याचे, त्याच्या माघारी वारसांचे. छोट्या खर्चाला हे खातं आणि खिसा, मोठ्या आघाताला सगळ्यांना सक्तीचा विमा, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी १९९३ मध्ये केलेला वेगळा निधी. खातं स्वतःचं असल्यामुळे माणूस बिल वाचतो. पण याला निव्वळ बाजार म्हणणाऱ्यांनी हेही सांगायला हवं की तिथली बहुतेक मोठी रुग्णालयं सरकारी आहेत, आणि कुठल्या उपचाराचं बिल साधारण किती येतं ते सरकार जाहीर करतं. अमेरिकेनेही २००३ मध्ये अशी बचत खाती काढली, पण भाव लपलेलेच राहिले. रुग्णालयांनी दर उघड करावेत हा नियम तिथे २०२१ मध्ये आला. भाव माहीत नसताना स्वतःचं खातं देणं म्हणजे आईला पैसे देऊन अंधारात बाजाराला पाठवणं. ओक्लाहोमातल्या एका शस्त्रक्रिया केंद्राने मात्र कायद्याची वाट बघितली नाही. त्याने सगळं धरून एकच किंमत वेबसाइटवर लावली आणि लांबलांबून लोक तिथे येऊ लागले.

स्वतःच्या खिशातून द्यायला लावलं तर गरीब माणूस डॉक्टरकडे जाणारच नाही, ही भीती खरी आहे. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड या संशोधन संस्थेने यावर मोठा प्रयोग केला. काही कुटुंबांना उपचार फुकट, काहींना वाटा उचलायचा. वाटा उचलणारे डॉक्टरकडे कमी गेले, आणि सरासरी माणसाच्या तब्येतीत फरक पडला नाही. पण गरिबांत, ज्यांना रक्तदाब होता, त्यांची तब्येत फुकट उपचारातच बरी राहिली. आमच्या चाळीतल्या किती बायका महिन्याच्या शेवटी बीपीची गोळी एक दिवसाआड घेतात ते मला ठाऊक आहे. त्यांच्या हाती सरकारने पैसे द्यावेत, पण त्यांच्याच हाती, म्हणजे दवाखाना त्यांना निवडता येईल. राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले योजनेत ५ लाखांपर्यंतचे उपचार ठरलेल्या दरात होतात ही मोठी गोष्ट आहे. फक्त तो दर असा हवा की चांगलं रुग्णालय आपण होऊन दारात पाटी लावेल.

आणि मध्यमवर्गाने थोडं आपल्याकडेही बघावं. प्रत्येक खोकल्याला विमा हवा, चष्म्याला हवा, असं म्हणत आपण प्रीमियम वाढवून घेतो. पहिले काही लाख स्वतः सोसायचे आणि त्यावरचं संकट कंपनीने, अशी टॉप-अप पॉलिसी किती स्वस्त पडते ते एकदा विचारून बघावं. विम्याने घर विकायची पाळी टाळावी. सर्दीचं बघायला आम्ही आहोत.

चौथं ठिकाण ठाण्याच्या बाजूला होतं, जुनं, लहान नर्सिंग होम. डॉक्टरांनी स्वतः एक कागद दिला. २ लाख १५ हजार. सांधा धरून, पाच दिवस धरून, घरी दोनदा व्यायाम शिकवायला माणूस येणार ते धरून. खाली लिहिलं होतं काय धरलेलं नाही: रक्त चढवावं लागलं तर, आयसीयू लागलं तर, आणि त्याचे रोजचे दर. आईने चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. मग डॉक्टरांना विचारलं, "काही कमी होईल का?" मी जमिनीकडे बघत राहिले. डॉक्टर हसून म्हणाले, "मावशी, कमी नाही होणार. पण वाढणारही नाही." बाहेर आल्यावर रिक्षात बसताना ती म्हणाली, "इथेच करू. हा माणूस मला जाऊ देत होता."

फायनल बिल २ लाख १५ हजारच आलं. विमा कंपनीने २० टक्के को-पे, म्हणजे पॉलिसीच्या अटीप्रमाणे आपण सोसायचा वाटा, कापून बाकी दिलं.

ती वही नंतर मजल्यावरच्या एका वहिनींनी नेली, त्यांच्या सासऱ्यांचं हर्नियाचं होतं. त्यांच्याकडून ती खालच्या मजल्यावर गेली. चार महिन्यांनी परत आली तेव्हा माझ्या चार पानांपुढे सहा-सात पानं भरलेली होती, निळ्या पेनाने, काळ्या पेनाने, एक पेन्सिलने. शेवटच्या पानावर, मी न ओळखलेल्या अक्षरात लिहिलं होतं: मोतीबिंदू, डावा डोळा, २४ हजार, लेन्स आणि औषध धरून. सांगितले तेवढेच घेतले.